मोडलेलं जग पुन्हा उभं करायचं, तर काय शिकावं?

हापशाच्या दांड्यावर जोर आपण वर लावतो, पण पाणी उचललं जातं खाली, जमिनीच्या पोटात, पितळी अस्तराच्या एका नळकांड्यात. त्या नळकांड्यात वाटीच्या आकाराचे चामड्याचे वायसर असतात. दांडा दाबला की सळई वर येते, वायसर कडेला फाकून घट्ट बसतात आणि वरचं पाणी उचलून धरतात. वर्ष-दीड वर्षात त्यांची कड झिजते. मग बाई दहा वेळा दांडा मारते, तेव्हा कुठे एक चूळ पाणी येतं.

तरुणपणी एका उन्हाळ्यात मी हातपंप दुरुस्तीच्या पथकाबरोबर मदतनीस म्हणून हिंडलो होतो. तो वायसर बदलायचा तर आधी जमिनीतले दहा-दहा फुटांचे सगळे लोखंडी पाइप एकेक करून वर ओढायचे, क्लॅम्प लावून धरायचे, आटे सोडवायचे. चार माणसांचा घाम आणि दोन-तीन तास. शेवटी मिस्त्रींनी नळकांडं उघडलं आणि जुना वायसर माझ्या तळहातावर ठेवला. पेढ्याएवढी वस्तू, कड कागदासारखी पातळ झालेली. तेवढ्यासाठी आख्खा गाव तीन आठवडे दीड कोसावरून पाणी आणत होता.

हे आठवायचं कारण माझी भाची. यंदा बारावीला आहे. प्रवेशाच्या चर्चा चालू असताना तिने मला विचारलं, "मामा, समज उद्या सगळंच कोलमडलं, वीज नाही, इंटरनेट नाही, सरकार नाही, तर त्यातून पुन्हा उभं राहायला कोणतं शिक्षण कामाला येईल? मला तेच शिकायचंय." घरात सगळे हसले. मला हसू आलं नाही. प्रश्न खरा आहे, आणि त्याचं उत्तर जगाने अनेकदा, फार मोठी किंमत देऊन, शोधलेलं आहे. तिला जे समजावलं तेच इथे लिहितो आहे.

आधी 'कोलमडणं' म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. सिनेमात दाखवतात तसं ते एका रात्रीत सगळी माणसं नाहीशी होऊन होत नाही. माणसं असतात, जमीन असते, नदी असते, बहुतेक यंत्रंसुद्धा जागच्या जागी असतात. तुटते ती साखळी. डिझेल येत नाही म्हणून पंप बंद, पंप बंद म्हणून पाणी नाही, पाणी नाही म्हणून दवाखान्यात हात धुता येत नाहीत, आणि मग बाळंतीण तापाने जाते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगड-रत्नागिरीवर आलं, तेव्हा कोकणातल्या कित्येक गावांत महिनाभर वीज नव्हती. विहिरी तुडुंब होत्या. ज्यांनी रहाट काढून टाकला नव्हता त्यांच्याकडे पोहरा आणि दोर घेऊन आळीतली माणसं येत होती. सगळा समाज कोसळला तर काय होईल याची ती लहानशी झलक होती. माल आहे, पण तो आपल्यापर्यंत आणणारी कडी निखळलेली आहे.

पूर्ण कोसळलेल्या समाजाचं उदाहरण पाहायचं तर कंबोडियाकडे पाहावं लागतं. १७ एप्रिल १९७५ ला ख्मेर रूज या कट्टर कम्युनिस्ट गटाने नॉम पेन्ह ही राजधानी ताब्यात घेतली आणि काही दिवसांत सगळं शहर रिकामं केलं. इस्पितळातल्या रुग्णांनाही खाटांसकट रस्त्यावर काढलं. चलन रद्द झालं, शाळा बंद झाल्या, आणि शिकलेला माणूस हा शत्रू ठरला. डॉक्टर, शिक्षक, इंजिनियर शोधून मारले गेले. उरलेल्यांना कालवे खणायला, भात लावायला जुंपलं. त्यातले कितीतरी कालवे निकामी ठरले, कारण पाण्याला उतार किती लागतो हे मोजणारा माणूसच शिल्लक ठेवला नव्हता. हजारो हात होते, टोपल्या-फावडी होती, पण लेव्हल काढणारं कोणी नव्हतं. आपल्याकडचा कोणताही गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून दोन भिंतींची लेव्हल काढतो. एवढ्याशा ज्ञानाला वीज लागत नाही, पण ते कुणाला तरी येत असावं लागतं.

७ जानेवारी १९७९ ला ती राजवट पडली, तोवर पंधरा ते वीस लाख माणसं मेली होती. सगळ्या देशाला मिळून पन्नासच्या आसपास डॉक्टर उरले होते. आणि तिथून त्यांनी सुरुवात केली. शाळा झाडांखाली भरल्या. जास्त येणाऱ्याने कमी येणाऱ्याला शिकवायचं, आणि कमी येणाऱ्याने काहीच न येणाऱ्याला, असं तेव्हाचं धोरण होतं. मला या एका वाक्यात शिक्षणाबद्दल जेवढं सापडतं तेवढं जाड पुस्तकांत सापडलेलं नाही. सातवी झालेला मुलगा पहिलीचा गुरुजी झाला, आणि ते चाललं.

आता याच शहराचं पाणी बघा. १९९३ मध्ये नॉम पेन्हच्या जेमतेम पाव भागाला नळाचं पाणी मिळत होतं, तेही दिवसातले दहाएक तास. सोडलेल्या पाण्यापैकी ७२ टक्के पाण्याचा पैसा पाणी खात्याला मिळत नव्हता. काही पाणी गळत होतं, काही चोरीला जात होतं. 'एक सोन चान' नावाचे अभियंता त्या वर्षी पाणी खात्याचे प्रमुख झाले. ख्मेर रूजच्या काळातून ते स्वतः वाचले होते. त्यांनी केलेल्या सुरुवातीच्या कामांपैकी एक अगदी साधं होतं. घरोघर माणसं पाठवून यादी करायची. कुठे नळ आहे, कुठे नाही, कोण पैसे भरतो. यादीत अशी घरं निघाली जिथे नळच नव्हता, आणि यादीत नसलेल्या असंख्य घरांत नळ होता. मग त्यांनी मीटर बसवले, गळती शोधायला पथकं नेमली, आणि बड्या अधिकाऱ्यांनाही बिल लावलं. २०१०च्या सुमारास ते शहर चोवीस तास नळाचं पाणी पीत होतं आणि वाया जाणारं पाणी ६ टक्क्यांवर आलं होतं. आपल्याकडच्या बहुतेक शहरांना हे अजून जमलेलं नाही. या कामासाठी त्यांना २००६ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

भाचीला मी हे मुद्दाम सांगितलं, कारण तिच्या मनात 'पुन्हा उभं करणं' म्हणजे भट्टीत लोखंड वितळवणं, पवनचक्की बांधणं असलं काहीतरी होतं. तेही लागतं. पण नॉम पेन्हचं पाणी परत आणण्यात नोंदवही, मीटर आणि हिशोब ठेवणाऱ्या माणसांचा वाटा पाइपांइतकाच होता. ज्याला प्रामाणिक हिशोब ठेवता येतो, ज्याला माणसांची यादी नीट करता येते, तो पडत्या काळात इंजिनियरच्या बरोबरीचा असतो. कॉमर्स घेणाऱ्या मुलांनी हे लक्षात ठेवावं असं मला फार वाटतं. त्यांना कोणी हे सांगत नाही.

सगळं मोडल्यावर माणसं मरतात कशाने? लढाईने मरतात, भुकेने मरतात, पण छावण्यांमध्ये, पूरग्रस्त गावांत, उजाड शहरांत फार मोठ्या प्रमाणावर मरतात ती हगवणीने. त्यातही लहान मुलं. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धातून लाखो माणसं सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्ये आली. बनगावच्या छावणीत पटकी, म्हणजे कॉलरा, पसरली. तिथलं इस्पितळ म्हणजे दोन खोल्या आणि सोळा खाटा, बाकीचे रुग्ण जमिनीवर पडलेले. पटकीवरचा तेव्हाचा उपाय म्हणजे शिरेतून सलाइन. बाटल्या संपत आल्या. सुया लावायला माणसं नव्हती. डॉ. दिलीप महालनबीस यांनी तेव्हा एक धाडस केलं. त्यांनी ग्लुकोज साखर, मीठ आणि खायचा सोडा मोजून पुड्या बांधल्या, पिंपात पाण्यात कालवलं, आणि आजाऱ्याच्या नातेवाइकांना सांगितलं, हे पाजत राहा. कपाने पाजा, वाटीने पाजा, थांबू नका. छावणीतलं मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ४ टक्क्यांच्या खाली आलं.

हे कसं चालतं ते समजून घेण्यासारखं आहे. हगवणीत नुसतं पाणी पाजलं तर ते राहत नाही, निघून जातं. नुसतं मीठ-पाणीही आतडं धड शोषत नाही. पण आतड्याच्या आतल्या अस्तरात एक दार असं आहे जे साखर आणि मीठ जोडीने आली तरच उघडतं. साखरेबरोबर मीठ आत जातं, मिठाच्या मागे पाणी जातं. पटकीतसुद्धा हे दार चालू राहतं. घरी करायचं प्रमाण आहे एक लिटर स्वच्छ पाण्याला सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट हा शब्द महत्त्वाचा. मीठ जास्त झालं तर लहान मुलाला ते घातक ठरतं. दवाखाना चालू असेल तर पुडीचं ओआरएसच वापरावं, ते जास्त चांगलं. पण पुडी नसेल तेव्हा पुडीत काय असतं हे माहीत असलेल्या आईचं मूल वाचतं.

याच ठिकाणी मी भाचीला माझं खरं म्हणणं सांगितलं. कोणता विषय घ्यायचा हा प्रश्न निम्माच आहे. उरलेला निम्मा असा, की आपल्या विषयात आपल्याला एक पायरी खाली उतरता येतं का? महालनबीसांना सलाइन लावता येत होतं, पण त्याबरोबर सलाइन काय काम करतं आणि कशाने करतं हेही कळत होतं. म्हणून बाटली संपली तरी त्यांचं डॉक्टरपण संपलं नाही. ज्याला फक्त बाटली लावता येते त्याचं ज्ञान पुरवठ्याच्या साखळीबरोबर तुटतं. एक पायरी खाली उतरलेल्या माणसाचं ज्ञान टिकतं. दोन पायऱ्या खाली उतरलात तर उत्तमच, पण एक तरी उतरावी.

हापशाकडे परत येतो, कारण तिथे ही गोष्ट हाताला लागते. आपल्याकडे सुरुवातीला जे ओतीव लोखंडाचे हातपंप होते ते परदेशातल्या एकेका कुटुंबासाठी केलेल्या पंपांच्या धर्तीवरचे. गावाच्या गर्दीपुढे ते टिकेनात, तडकायचे. जालना आणि सोलापूर भागात मिशनच्या कामात असलेल्या लोकांनी पोलादाचे मजबूत पंप बनवून पाहिले. त्याच मुळांवर १९७०च्या दशकात युनिसेफच्या मदतीने 'इंडिया मार्क टू' तयार झाला, जो पुढे जगभर गेला. आज जगातल्या कितीतरी खेड्यांत उभ्या असलेल्या पंपाचं मूळ आपल्या मराठवाड्या-सोलापुरात आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. पण त्यात ती अडचण राहिलीच, वायसर बदलायला सगळे पाइप उपसायचे. मग 'मार्क थ्री' आला. त्याचा खाली जाणारा पाइप इतका रुंद केला की आतला दट्ट्या पाइप न काढता सळईसकट वर ओढून घेता येतो. गावातल्याच दोन माणसांना ते जमतं. वायसरही चामड्याऐवजी नायट्राइल रबराचे आले, जास्त टिकणारे.

इथे थांबून विचार करावा. रबराचा वायसर टिकतो जास्त, पण तो कारखान्यातच बनतो. चामड्याचा झिजतो लवकर, पण गावात चांभार असेल तर तो साच्यात दाबून करता येतो. साखळी शाबूत असेल तर रबर बरं. साखळी तुटली तर चामडं. दोन्ही कळणारा माणूस आपल्याला हवा आहे. आणि ज्या हातांना आपण शतकानुशतकं खाली बसवलं त्या चामड्याच्या कामाशिवाय गावाचं पाणी वर येत नव्हतं, हेही विसरू नये.

पाण्यातलंच आणखी एक. पाणी वर आलं म्हणजे पिण्याजोगं झालं असं नाही. ग्रामपंचायतीत जलसुरक्षक नावाचा माणूस असतो. त्याच्याकडे टीसीएलची पिशवी असते, म्हणजे ब्लीचिंग पावडर. हीच पावडर १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना हात धुवायला लावली. एप्रिलमध्ये शंभरातल्या अठरा बाळंतिणी मरत होत्या, उन्हाळ्यात तो आकडा दोनाच्या आसपास आला. जंतू काय असतात हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं, त्यांनाही नाही. ती पावडर आजही आपल्या विहिरीत पडते. विझवलेल्या चुन्यावर क्लोरीन वायू सोडला की ती बनते, आणि क्लोरीन मिळतो मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की. म्हणजे मीठ, चुना आणि थोडी वीज. ही झाली तिथली एक पायरी खाली. त्या कामात क्लोरीन फुफ्फुसात गेला तर माणूस जातो, तेव्हा हा घरी करून पाहायचा खेळ नव्हे. केमिस्ट्री शिकलेल्या माणसाने सांभाळायचं काम आहे. म्हणूनच केमिस्ट्री शिकायची.

पावडरही नसेल तर? वाळूची संथ गाळणी. साधारण तीन फूट बारीक वाळूच्या थरातून पाणी अगदी हळू, तासाला चार-आठ इंच एवढ्याच वेगाने उतरू द्यायचं. काही आठवड्यांत वाळूच्या वर शेवाळी बुळबुळीत थर धरतो. तो थर पाहून किळस येते, पण जंतू खाऊन टाकणारा तोच. १८९२ मध्ये जर्मनीत हॅम्बुर्ग शहरात पटकी आली आणि सुमारे ८,६०० माणसं मेली. एल्ब नदीचं पाणी तिथे न गाळता प्यायचे. शेजारचं आल्टोना त्याच नदीवर, तेही खालच्या अंगाला, हॅम्बुर्गची घाण मिसळलेलं पाणी घेणारं. पण त्यांच्याकडे वाळूच्या गाळण्या होत्या, आणि आल्टोना बचावलं. दोन शहरांच्या हद्दीवर रस्त्याच्या एका बाजूला पटकी होती, दुसऱ्या बाजूला जवळजवळ नव्हती.

म्हणून माझं मत विचाराल तर पहिला विषय पाणी आणि सांडपाणी. सिव्हिल इंजिनियरिंग करताना मुलं पूल आणि उंच इमारतींकडे ओढली जातात. पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण हा विषय परीक्षेपुरता राहतो. मला हे खटकतं.

दुसरा विषय नर्सिंग आणि प्रसूतीचं शिक्षण. डॉक्टरकी मी मुद्दाम पुढे ठेवलेली नाही. औषधशास्त्राबद्दल लोकांच्या कल्पना फार भाबड्या असतात, 'बुरशीपासून पेनिसिलिन करू' वगैरे. १९४१ मध्ये ऑक्सफर्डला पहिल्यांदा एका पोलीस शिपायाला पेनिसिलिन दिलं, तो सुधारू लागला, आणि औषध संपलं. त्याच्या लघवीतून ते पुन्हा काढून पुन्हा टोचलं, तरी पुरलं नाही. तो वारला. जगातले निवडक शास्त्रज्ञ, शाबूत प्रयोगशाळा, आणि एका माणसाला पुरेल इतकं औषध त्यांना करता आलं नाही. याउलट स्वच्छ हात, उकळलेलं ब्लेड, बाळाला कोरडं करून उबेत ठेवणं, ताबडतोब अंगावर पाजणं, यांना कारखाना लागत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेऊन नवजात मृत्यू निम्म्याहून कमी झाले. त्यांचा निबंध १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्याआधी १९७० पासून जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी हेच दाखवलं होतं, की फार न शिकलेली बाई नीट शिकवली तर गावाचं आरोग्य सांभाळू शकते. त्यांना १९७९ चा मॅगसेसे मिळाला. कंबोडियात पन्नास डॉक्टरांनी जे करायचं होतं त्याचा हा आपल्या मातीतला धडा आहे, ज्ञान इस्पितळातून उचलून ओसरीवर नेण्याचा.

शेतीबद्दल थोडक्यात सांगतो, पण बियाण्यावर थांबावंच लागेल. दुकानातून आणलेलं संकरित बी पुढच्या वर्षी पेरलं तर पीक येतं, पण सारखं येत नाही. कुठे आजोबांचा गुण, कुठे आजीचा. उंची वेगळी, पक्व होण्याचा काळ वेगळा. सरळ वाण किंवा गावरान बी मात्र वर्षानुवर्षं राखता येतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी हेच केलं, राखेत, मडक्यात, गावरान वाणांची बँक. पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्यांना कळलं. दुसऱ्या महायुद्धात रशियातल्या लेनिनग्राडच्या वेढ्यात १९४१-४२ च्या हिवाळ्यात तिथल्या बियाणे संग्रहाचे शास्त्रज्ञ भुकेने मेले. तांदळाचा संग्रह सांभाळणारा शास्त्रज्ञ तांदळाच्या पुड्यांनी भरलेल्या खोलीत उपाशी गेला, पण एक पुडी फोडली नाही. पुढच्या पेरणीचं मोल त्याला ठाऊक होतं. ॲग्रीला जाणाऱ्यांनी निदान उगवणीची चाचणी स्वतः हाताने करून पाहावी. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीने ठेवा, गुंडाळा, सावलीत ठेवून ओलसर राखा, आठवड्याने मोजा. सोयाबीनचे सत्तर आले तर बी पेरण्याजोगं. कोणतंही यंत्र नाही.

घरबांधणीला किल्लारीच्या भूकंपाची आठवण पुरे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला चार मिनिटं कमी. आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन झालेलं. लातूर-उस्मानाबादमध्ये आठ ते दहा हजार माणसं गेली. घरं दगडाची, भिंती दोन-चार फूट जाड, वर माळवदाचा फूट-दोन फूट मातीचा थर. इतक्या जाड भिंती पडल्या कशा? कारण ती एक भिंत नव्हती. आतल्या आणि बाहेरच्या अंगाने दगड रचलेले, मध्ये चिखल आणि चिपा. हादरा बसला की दोन्ही अंगं फाकली आणि माळवद खाली आलं. भिंतीच्या आरपार जाणारा एकेक लांब दगड ठरावीक अंतरावर घातला असता तर दोन्ही अंगं बांधली गेली असती. तेवढा दगड त्या भागात होता. तो घालायचा असतो हे ज्ञान कधीतरी हरवलं होतं. भूकंपानंतर गवंड्यांना हे शिकवावं लागलं.

आयटीआयच्या मुलांसाठीही हेच. फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन. पाणबुडी मोटर जळली की आपण भरायला टाकतो. ज्याला ती भरता येते, म्हणजे जुनं वाइंडिंग सोडवून वेढे मोजून, वहीत लिहून, नवी तार त्याच मापाने भरता येते, त्याच्या दारात सगळा तालुका उभा राहील. वेढे मोजून लिहून ठेवण्याची ती वही फार मौल्यवान. मी ओळखतो अशा एका मिस्त्रींकडे तीस वर्षांच्या वह्या आहेत, मोटरीच्या कंपनीनुसार लावलेल्या.

भाचीने विचारलं, "आणि कॉम्प्युटर?" मी म्हटलं, आवडत असेल तर जरूर घे, पण सोबत हाताचं एक काम धर, आणि जे शिकशील ते कुणालातरी शिकवून बघ. शिकवता आलं नाही तर ते आपल्याला आलेलंच नसतं. आणि पुस्तकं छापील ठेव.

तिने काय निवडलं ते अजून ठरायचं आहे. पण मेअखेरीस ती गावी आली होती, तेव्हा जलसुरक्षकांबरोबर आमच्या आळीच्या विहिरीवर गेली. विहिरीचा व्यास चार मीटर, पाणी तीन मीटर. व्यासाचा वर्ग सोळा, भागिले चार, गुणिले ३.१४, गुणिले तीन, आणि घनमीटरचे लिटर करायला गुणिले हजार. सदतीस हजार सहाशे ऐंशी लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे ९४ ग्रॅम टीसीएल. बादलीत आधी थोड्या पाण्यात तिने लगदा केला, मग बादली पाऊण भरून ढवळली आणि चुना तळाला बसू दिला. वरची निवळ दुसऱ्या बादलीत ओतून घेतली. ती बादली दोराने विहिरीत सोडून वर-खाली हलवत राहिली, दंड भरून येईपर्यंत. तास थांबायचं असतं. तासाने ओटी टेस्टच्या, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का ते पाहायच्या, नळीत पाणी पिवळसर झालं.

परत निघताना तिने चुन्याचा खडा उचलला आणि कठड्याच्या आतल्या बाजूला, पावसाचं पाणी लागणार नाही अशा जागी, तीन ओळी लिहिल्या. पाणी १ मीटर, ३१ ग्रॅम. २ मीटर, ६३ ग्रॅम. ३ मीटर, ९४ ग्रॅम.